मंत्र न येणारा सोबती



गेल्या पावसाळ्यात माझी भाची कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली. तिच्यामागोमाग दर रविवारी दुपारी चार-पाच मुलंमुलीही येऊ लागली. जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे पसरायचे. एक जण गोष्ट सांगणार. पडका किल्ला, अंधारी गुहा, त्यात दडलेला राक्षस. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होणार. पात्रानं काय करायचं हे खेळाडू ठरवतो, ते जमलं की नाही हे फासा सांगतो. या खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला.

एका रविवारी मंडळी गेली आणि भाची रुसून बसली. म्हणाली, “मामू, कुणीतरी जखमा भरायला हव्यात म्हणून दर वेळी ते काम माझ्याच गळ्यात. बरं, तेही करीन. पण मला मंत्रतंत्र नकोत. साध्या माणसानं साध्या हातांनी मदत केलेली या खेळात का चालत नाही?”

प्रश्न मला वाटला त्यापेक्षा जुना निघाला. पहिल्या खेळात पात्रांचे वर्ग तीनच होते: योद्धा, जादूगार आणि क्लेरिक. क्लेरिक म्हणजे देवाचा उपासक. प्रार्थनेच्या बळावर जखमा भरणारा. तलवार चालवायला जादू लागत नव्हती, पण पडलेल्याला उठवायला लागत होती. ही प्रथा पुढे बरीच वर्षं मुरली.

२००८ साली या खेळाची चौथी आवृत्ती निघाली. तिच्यात ‘वॉरलॉर्ड’ नावाचा वर्ग आला. नाव भयंकर, पण माणूस कामाचा. त्याच्याजवळ एकही मंत्र नाही. तो स्वतःचा वार सोडून देतो आणि शेजारच्याला म्हणतो, आत्ता तू मार. कुणी घायाळ झाला तर त्याला उभारीचा शब्द देतो, की तो पुन्हा उभा राहतो.

झालं, वाद पेटला. शब्दानं कधी जखम भरते का? बेशुद्ध पडलेल्याला हा ओरडून उठवणार?

श्रोतेहो, मी पडलो कवी. शब्दांवर असा आळ आला की मी खुर्ची पुढे ओढतो. मी भाचीला विचारलं, “तुमच्या खेळात जखम म्हणजे नेमकं काय?”

ती म्हणाली, जखम मोजतात ‘हिट पॉइंट्स’मध्ये. हे आकडे शून्यावर आले की माणूस कोसळतो. पण हे आकडे म्हणजे निव्वळ रक्तमांस नव्हे, असं गायगॅक्स यांनीच १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकात लिहून ठेवलं आहे. त्यात अंगचं कसब आलं, नशीब आलं, दम आला. म्हणजे वाद वॉरलॉर्डचा नव्हताच. तो जखमेच्या व्याख्येचा होता. आकडा म्हणजे फक्त रक्त असेल, तर वॉरलॉर्ड हास्यास्पद. आकड्यात धीरही असेल, तर त्याचं काम अगदी सरळ आहे. शब्दानं हाड जुळत नाही. पण हातपाय गाळून बसलेला माणूस शब्दानं उठतो, हे मी मुशायऱ्यातही पाहिलं आहे आणि इस्पितळाच्या व्हरांड्यातही.

त्या चौथ्या आवृत्तीतली एक गोष्ट मला फार आवडली. प्रत्येक पात्राजवळ दिवसाला ठरावीक असा स्वतःचा राखीव दम असतो. वॉरलॉर्डचा शब्द प्रामुख्यानं त्यातलाच एक घोट जखमी माणसाला वापरायला लावतो. तिथे क्लेरिकचा नेहमीचा उपचारही याच साठ्यातून चालतो. बरं होण्याची ताकद ज्याची त्याच्यातच. दुसऱ्यानं फक्त तिला वाट करून द्यायची.

२०१४ ला पाचवी आवृत्ती आली, तिच्यात वॉरलॉर्ड नव्हता. त्याचे एक-दोन डावपेच योद्ध्याच्या एका शाखेला मिळाले. ‘पाथफाइंडर’ या भावंड खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत मात्र वैद्यकीचं कौशल्य चांगलं वाढवता येतं. मंत्राशिवाय जखमा बांधता येतात, पण त्याला दहा मिनिटं लागतात. भर लढाईत हेच करायचं तर वेगळं शिकावं लागतं. वेळेची ही किंमत मला खरी वाटली.

मग भाचीनं आपला स्वतःचा वर्ग रचायला घेतला. पहिल्या खेपेला तिनं सोपा नियम केला: हिच्याजवळ उभा असेल त्याच्या फाशाला दोन अधिक. तो रविवार फुकट गेला. बाकीचे ते दोन मिळवायलाच विसरत. आणि हिला स्वतःच्या पाळीत करण्यासारखं काहीच नाही, खांबासारखी उभी.

दुसऱ्या खेपेला तिनं हुकूम ठेवले. तू पुढे हो, तू मागे सर. दोन डावांत मित्र वैतागले. “आमची पात्रं तूच खेळ,” म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. ज्याच्या हाती फासा, निर्णय त्याचाच हवा.

तिसरी खेप जमली. आता ती हुकूम देत नाही, संधी देते; घ्यायची की नाही हे दुसरा ठरवतो. पट्ट्या मोजक्याच, त्यामुळे कुणाला आधी बांधायची हा पेच तिचा एकटीचा. त्या रविवारी दोघं जण एकदम कोसळले आणि पट्टी उरली एकच. टेबल गप्प. सगळे तिच्याकडे बघत होते. इतके दिवस गळ्यात पडलेलं काम, त्या क्षणी ते खेळातलं सर्वांत अवघड काम झालं होतं.

मला माझे अब्बा आठवले. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. औषधाची बाटली भरली की कागदाची पट्टी घेत, कात्रीनं तिला खाचा पाडत आणि बाटलीला चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षर न येणारी म्हातारीही ती खाच बघून औषध घेई. लोक म्हणत, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. त्या खाचांचं नाव कुणी घेतलं नाही. अब्बांनीही कधी काढलं नाही.

मी हे भाचीला सांगितलं. ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिच्या कागदावर एक नवा नियम दिसला: लढाईच्या आधी शांतपणे वेळ मिळाला, तर ही प्रत्येकाला एकेक पुडी बांधून देते, ज्यानं त्यानं गरज पडेल तेव्हा आपल्या हातानं घ्यायची. वर्गाचं नाव अजून ठरत नव्हतं. इंग्रजी नावं सुचवून झाली, एकही बसेना.

शेवटी तिनं कागदाच्या माथ्यावर लिहिलं, ‘कंपाउंडर’. मुलांनी काही विचारलं नाही. फासे टाकले आणि खेळायला लागली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)