शेजारी आणि आपण
(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



‘चांगले म्हणजे काय?’ हा प्रश्न पाश्चात्त्य नीतिशास्त्राने मोठ्या चिकाटीने विचारला. कोणी म्हणाले, पुष्कळांचे पुष्कळ सुख. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त या मताची सविस्तर छाननी केली आहे. १९०३ साली केंब्रिजच्या जी. ई. मूर यांनी तर सांगितले, की चांगल्याची व्याख्याच होऊ शकत नाही. पिवळा रंग जसा पाहूनच कळतो, तसे ते कळावे लागते.

वेदान्ताने व्याख्येच्याही आधीचा प्रश्न घेतला. जर्मन पंडित पॉल डॉयसन २५ फेब्रुवारी १८९३ रोजी मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे बोलले. शेजाऱ्यावर स्वतःसारखेच प्रेम करावे, ही बायबलची आज्ञा त्यांना मान्यच होती. पण का करावे? दुःख माझे मला जाणवते, शेजाऱ्याचे जाणवत नाही. या ‘का’चे उत्तर त्यांना छांदोग्य उपनिषदात, उद्दालकाने श्वेतकेतूला नऊ वेळा सांगितलेल्या महावाक्यात सापडले. तो शेजारी तूच आहेस. वेगळेपणा हा भास आहे. आजारी लेकराच्या उशाशी रात्र काढणारी आई चांगुलपणाची व्याख्या कुठे शोधत बसते?

हे ऐकून आपली मान अभिमानाने ताठ होते. मला मात्र येथे अडखळायला होते. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. म्हणजे चांगले काय, हे कागदावर ठरलेले होते. अद्वैतही कीर्तना-प्रवचनांतून शतकानुशतके कानी पडत होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सहस्रावधी अनुयायांसह जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावे लागले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले.

एकत्व आचरणात उतरले असते, तर ठरावाची गरजच नव्हती. ते उतरले नाही, म्हणून ठराव लागला, न्यायालय लागले. तेव्हा ‘आम्हांला व्याख्या नको, आमच्याकडे अनुभूती आहे’ असे म्हणण्याचा अधिकार आपण अजून मिळवावयाचा आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप फडताळात वेगळा ठेवलेला असे. त्याच घरात पहाटे उपनिषदांचे पठण होई. त्यात विसंगती आहे, असे कोणाला वाटले नाही. मलाही कित्येक वर्षे वाटले नाही.