भीती मोजायची कशानं?

 

आजचा विषय आहे भीती. भुताखेताची नव्हे. गावाजवळ कारखाना येणार असतो, खडीचा क्रशर बसणार असतो, मोबाइलचा टॉवर उभा राहणार असतो. ग्रामसभेत एखादी बाई उठते आणि विचारते, "याचा लेकराबाळांना काही त्रास नाही ना होणार?" समोरचे साहेब हसतात. म्हणतात, "ताई, उगाच घाबरू नका. आकडे बघा, काही धोका नाही." बाई खाली बसते. घरी आल्यावर घरचेही म्हणतात, "तुला त्यातलं काय कळतं?"

त्या बाईला खरंच काही कळत नव्हतं का? या प्रश्नावर पन्नासहून अधिक वर्षं संशोधन चाललं आहे. माणसं धोका कशी ओळखतात, कशाला घाबरतात, कशाला घाबरत नाहीत, हाच त्या अभ्यासाचा विषय. आम्ही तो समजून घेतला, आणि आपल्या गटांनी तो ऐकलाच पाहिजे असं आम्हाला वाटलं.

अमेरिकेत ओरेगॉन नावाचं राज्य आहे. तिथल्या यूजीन गावात पॉल स्लोविक, बारूख फिशहॉफ आणि सारा लिक्टेनस्टाइन हे संशोधक काम करत. १९७०च्या दशकात त्यांनी माणसांपुढे तीस गोष्टींची यादी ठेवली. अणुवीज, मोटारगाड्या, सिगारेट, कीटकनाशकं, पोहणं, एक्स-रे, लसी, अशी. सांगितलं, जास्त धोक्याचं वर, कमी धोक्याचं खाली, असा क्रम लावा. ज्यांना विचारलं त्यात कॉलेजची मुलं होती, व्यापारी मंडळी होती, धोका मोजणं हाच व्यवसाय असलेले तज्ज्ञ होते. आणि लीग ऑफ विमेन व्होटर्स या महिला मतदारांच्या संघटनेचा गटही होता. म्हणजे आपल्यासारखाच एक गट म्हणा ना.

महिला संघटनेच्या गटानं अणुवीज पहिल्या नंबरवर ठेवलं. तज्ज्ञांनी ते विसाव्या नंबरवर ठेवलं. एक्स-रे तज्ज्ञांच्या यादीत सातवा होता, महिला संघटनेच्या यादीत बाविसावा. गाड्या आणि सिगारेट मात्र दोघांनीही वरच ठेवल्या होत्या.

आता कुणीही म्हणेल, बघा, लोकांना माहितीच नाही. पण संशोधक तिथं थांबले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "एखाद्या साध्या वर्षात या गोष्टीनं किती माणसं मरत असतील?" तेव्हा त्याच गटानं अणुवीजेसाठी सगळ्यात कमी आकडा सांगितला! म्हणजे साध्या वर्षात तिथं फार कुणी मरत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरीही धोका म्हटल्यावर त्यांनी ती गोष्ट सगळ्यात वर ठेवली.

असं का? तज्ज्ञ धोका म्हणजे वर्षाला किती मृत्यू, एवढंच मोजत होते. बाकीचे लोक आणखी बऱ्याच गोष्टी मोजत होते. हे संकट आपण ओढवून घेतलं की आपल्यावर लादलं गेलं? ते डोळ्यांना दिसतं का? बिघडलं तर एका वेळी किती माणसं जातील? पुढच्या पिढीला भोगावं लागेल का? आवरणं आपल्या हातात आहे का? फायदा कुणाचा आणि तोटा कुणाचा? ही गोष्ट शास्त्राला तरी पुरती कळली आहे का?

चॉन्सी स्टार नावाच्या अभियंत्यानं १९६९ साली एक हिशेब मांडला होता. त्याचं म्हणणं असं, की माणूस आपल्या मर्जीनं जो धोका पत्करतो, तो लादलेल्या धोक्यापेक्षा साधारण हजारपट मोठा असला तरी त्याला चालतो. हजारपट हा आकडा पुढे अनेकांनी तपासला, त्यावर वाद झाले. पण मर्जीनं आणि लादलेलं यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. स्वतःच्या मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून आपण बाजाराला जातो. पण कुणी न विचारता आपल्या विहिरीत काही ओतलं, तर पाव थेंबही सहन करत नाही. यात चूक काय आहे?

आणि साध्या वर्षाचा हिशेब किती तोकडा पडतो, हे आपल्या देशानं पाहिलं आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ची ती रात्र. भोपाळच्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपेतली हजारो माणसं गेली. त्या आधीची कारखान्याची वर्षं मोजली असती तर आकडा लहानच दिसला असता. पण राजकुमार केसवानी नावाच्या तिथल्या पत्रकारानं १९८२ सालापासून आपल्या साप्ताहिकात लिहून ठेवलं होतं, की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं आहे. त्याचं कुणी ऐकलं नाही.

आता "बायका भित्र्याच असतात" या बोलण्याकडे वळू. पाहणीत बायका धोका जास्त सांगतात, पुरुष कमी सांगतात, हे पुष्कळदा दिसलं. मग १९९४ साली अमेरिकेत पंधराशेहून अधिक माणसांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गोऱ्या बायका, काळ्या-सावळ्या बायका आणि काळे-सावळे पुरुष, या सगळ्यांचं उत्तर बरंचसं जवळपास होतं. वेगळे पडले ते गोरे पुरुष. त्यांतही सगळे नाहीत, साधारण तीस टक्के. हे तीस टक्के कोण? जास्त शिकलेले, जास्त कमावणारे, आणि सरकारवर, कंपन्यांवर जास्त विश्वास असणारे. म्हणजे निर्णय ज्यांच्या हातात आणि फायदा ज्यांच्या पदरात, त्यांना धोका लहान दिसत होता. विज्ञानातल्या तज्ज्ञ बायकांना विचारलं, तर त्यांनीही अणुवीजेचा धोका आपल्या बरोबरच्या पुरुष शास्त्रज्ञांपेक्षा जास्त सांगितला. त्यांना काय शास्त्र कळत नव्हतं? तेव्हा बाईमाणूस म्हणून भीती वाटते, एवढ्यावर हे भागत नाही. पंगतीत आपल्याला कुठं बसवलं आहे, यावरही ते ठरतं.

आणखी एक गोष्ट मेंढपाळांची. २६ एप्रिल १९८६ला तेव्हाच्या सोव्हिएत देशातलं चेर्नोबिलचं अणुकेंद्र फुटलं. तिथली किरणोत्सारी धूळ वाऱ्यानं दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर, इंग्लंडच्या कम्ब्रिया भागात पोचली आणि पावसाबरोबर डोंगरांवर उतरली. गवतात सीझियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ आला, गवतातून मेंढ्यांत आला. जून महिन्यात सरकारनं मेंढ्या विकायला बंदी घातली. शास्त्रज्ञांनी सांगितलं, काळजी करू नका, तीन आठवड्यांत सगळं निवळेल.

तीन आठवडे गेले, निवळलं नाही. शास्त्रज्ञांचा हिशेब चिकणमातीवर बेतलेला होता. चिकणमाती सीझियम धरून ठेवते, झाडाला वर येऊ देत नाही. पण त्या डोंगरावरची माती कुजलेल्या पाल्याची, आंबट. तिच्यातून ते पुन्हा पुन्हा गवतात चढत राहिलं. तिथली शेवटची बंधनं उठायला २०१२ साल उजाडलं.

ब्रायन विन नावाच्या संशोधकानं त्या मेंढपाळांशी बोलून हे सगळं लिहिलं. एक प्रयोग तर ऐकण्यासारखा आहे. जमिनीवर एक खनिज पसरायचं आणि मेंढ्या कुंपणात कोंडून त्यांच्यात फरक पडतो का बघायचं, असं शास्त्रज्ञांनी ठरवलं. मेंढपाळ म्हणाले, "मोकळ्या डोंगरावर चरणारी मेंढी कोंडली तर झुरते, तुमची मोजणी चुकेल." कुणी ऐकलं नाही. मेंढ्या झुरल्या आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. माप शास्त्रज्ञांजवळ होतं, पण माती आणि मेंढी कळत होती मेंढपाळांना.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग आपलंच खरं, तज्ज्ञांचं ऐकायलाच नको. तसं मुळीच नाही. सयांनो, नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

रोजच्या सवयीचा धोका आपल्याला दिसेनासा होतो. चुलीचंच घ्या. आई फुंकत होती, आजी फुंकत होती, म्हणून धुराला आपण धोका म्हणतच नाही. डोळे चोळतो आणि भाकरी थापतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं घरातल्या धुरामुळं २०२० साली जगभरात बत्तीस लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांच्या आतली दोन लाखांहून जास्त लेकरं होती. हे नुसत्या नजरेला दिसत नाही. इथं आकडाच डोळे उघडतो.

फवारणीचंही तेच. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. टॉवरला आपण घाबरतो, पण औषधाचा रिकामा डबा घासून त्यात डाळ भरून ठेवणारी घरं आजही आहेत. डब्यावर एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. हिरवा असला तरी ते औषधच आहे, पिण्याचं पाणी नव्हे.

आम्ही आमच्या गटात एक खेळ करून पाहिला. कागदावर चित्रं काढली. चूल, फवारणीचा पंप, टॉवर, मोटारसायकल, शेतातल्या मोटरीची उघडी वायर, क्रशर. प्रत्येकीला वीस दाणे ज्वारी दिली. म्हटलं, जिथं जास्त भीती वाटते तिथं जास्त दाणे टाका. टॉवर आणि क्रशरवर रास झाली, चुलीवर चार-दोन दाणे पडले. मग दाणे गोळा करून दुसरा डाव केला. आता गेल्या पाच वर्षांत आपल्या ओळखीत कुणाचं नुकसान कशानं झालं ते आठवून टाका. बायका गप्प झाल्या. दाणे मोटारसायकलवर गेले, उघड्या वायरवर गेले, फवारणीवर गेले. तिसऱ्या डावाला विचारलं, आपल्याला न विचारता आपल्या माथी काय मारलं जातं? क्रशरची रास पुन्हा वर आली.

यातला कुठला डाव खरा? तिन्ही खरे. दुसऱ्या डावानं आम्हाला कळलं की घरात आज काय दुरुस्त करायचं. उघड्या वायरला पेटी बसवायला फार खर्च येत नाही. तिसऱ्या डावानं कळलं की ग्रामसभेत काय विचारायचं. तुमच्या गटातही हा खेळ करा. ज्वारी वाया जात नाही, नंतर दळता येते.

आता विचारायचं कुठं, तेही सांगतो. नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. तिथं विषय मांडा आणि ठरावात लिहून घ्या. पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या बऱ्याच मोठ्या प्रकल्पांना २००६च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणं जनसुनावणी घ्यावी लागते. तिची किमान तीस दिवस आधी नोटीस निघते, तीही एका मराठी पेपरात. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश आपल्या भाषेत बघायला ठेवावा लागतो. जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीनं आलेले मोठे अधिकारी समोर बसतात. कुणी काय म्हटलं ते लिहिलं जातं आणि शेवटी आपल्या भाषेत वाचून दाखवलं जातं. तेव्हा भाषण झालं की लगेच उठून घरी जाऊ नका. आपलं म्हणणं बरोबर लिहिलं आहे का, ते कान देऊन ऐका.

आणि नुसतं "आम्हाला भीती वाटते" असं म्हणून थांबू नका, कारण त्याचं उत्तर "घाबरू नका" एवढंच मिळतं. प्रश्न विचारा. साधारण वर्षाचं सांगितलंत, वाईटात वाईट दिवस उजाडला तर काय होईल? पळायचा रस्ता कुठला? मोजणी कुणी केली, कुठल्या महिन्यात केली, आमच्या ओढ्याचं पाणी तपासलं का? फायदा कुणाला आणि राख कुणाच्या अंगणात? बिघाड झाला तर आम्हाला कोण सांगणार, कधी सांगणार, आणि भरपाई कोण देणार? जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा वाद चालला, तेव्हा कोकणातले मच्छीमार किरणांबरोबर हेही विचारत होते, की समुद्रात सोडलेल्या गरम पाण्यानं मासळीचं काय होईल. हा प्रश्न त्यांच्या रोजच्या जाळ्यातून आलेला होता. आपलेही प्रश्न आपल्या पाण्यातून, चाऱ्यातून, स्वयंपाकघरातून येतील. ते बारीक वाटले तरी विचारायचे.

साहेबांनी आकडा सांगितला तर तोही नीट लिहून घ्या. आकडा आपला वैरी नाही. पण किती माणसं मरतील एवढ्यानं हिशेब पुरा होत नाही. कुणाची, कुणाला विचारून आणि कुणाच्या फायद्यासाठी, हेही त्या हिशेबात धरायला हवं, आणि ते धरायला लावणं आपलं काम आहे.

पुढच्या खेपेला तुमच्या गटातले दाणे कुठं पडले ते आम्हाला जरूर कळवा. येतो आम्ही. काळजी घ्या, आणि उद्या फवारणी असेल तर वाऱ्याची दिशा बघूनच पंप पाठीला लावा. नमस्कार.