जोत्यालगतची ओल आणि वाळवी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस परंड्याकडच्या एका जुन्या घरी दुरुस्तीच्या निमित्ताने गेलो असता, यजमानांनी नुकत्याच रंगवलेल्या आंब्याच्या चौकटीवर, उंबऱ्यालगत, मी सहज टिचकी मारली, तो आवाज पोकळ आला; चाकूचे टोक लावले, तो पाते मुठीपर्यंत आत गेले. वरचा तेलरंगाचा पापुद्रा शाबूत होता आणि आत लाकडाऐवजी ओलसर माती होती.

दोष लाकडाच्या माथी मारू नये. परंड्याच्याच जिल्ह्यातील तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट शतके लोटली तरी संग्रहालयात पाहावयास मिळते. खरा अपराधी पाणी आहे, वाळवी ही त्याच्या मागून येणारी. तिचे अंग मऊ, उघड्या कोरड्या हवेत ती तग धरीत नाही. म्हणूनच जमिनीतून भिंतीवर चढताना ती पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी बांधीत जाते. आपली काळी जमीन पावसाचे पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी ती ओल भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढून, वाळताना क्षार मागे ठेवून जाते; त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

आपल्या पूर्वजांनी काळ्या दगडाचे उंच जोते बांधून त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती उभ्या केल्या, त्यात मोठे शहाणपण होते. परंतु दरवर्षी मुरूम आणि पुढे सिमेंट पडून गल्ली वर आली, आणि जे जोते कमरेइतके होते ते घोट्यापर्यंत उरले, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानी येते. त्यातच लोणा झाकण्यासाठी मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याची चाल पडली आहे. ती मला घातक वाटते, कारण त्याने भिंतीचा श्वास कोंडतो, ओल बाहेर पडत नाही आणि आणखी वर चढते. अशा भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करावा.

नवे बांधकाम असेल तर जोते रस्त्यापासून किमान दीड-दोन फूट उंच घ्यावे, त्याच्या माथ्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर द्यावा, आणि फरशीपूर्वीच वाळवी-प्रतिबंधक औषधाची फवारणी जाणकाराकडून करवून घ्यावी. जुन्या घरात मोरीचे व पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे, अंगणाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, आणि भिंतीला टेकून गोवऱ्या, कडबा, सरपण रचण्याची सवय सोडावी. वाळवीला त्याहून चांगले आमंत्रण दुसरे नाही. नळी दिसली तर ती खरवडून थांबू नये. वसाहत जमिनीत असते, बंदोबस्त तिचा व्हावा, आणि औषध विहिरीपासून व लेकरांपासून दूर राहील याची खबरदारी घ्यावी.

मृग लागण्याआधी एकदा घराभोवती फेरी मारा, प्रत्येक चौकटीच्या पायाशी टिचकी मारा, आणि पहिल्या जोराच्या पावसात बाहेर उभे राहून आपल्या छपराचे पाणी कोठे पडते ते स्वतः पाहा.