पाहुणा आपल्याच घरचा



आज पौष शुद्ध द्वितीया. आपल्या कारंज्यात श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांची जयंती. थंडी अशी की टाळ हातात धरवत नाही, तरी तुम्ही घोंगडी पांघरून बसलात. धन्य आहात!

चरित्र तुम्हाला माहीत आहे. याच गावात माधव आणि अंबा यांच्या पोटी महाराज आले. मुंजीपर्यंत मुखात ओंकाराशिवाय शब्द नाही. मुंज झाली, वेद बोलले, आणि काशीला निघाले. आईचा जीव तुटला. तेव्हा वचन दिलं, तीस वर्षांनी भेट देईन.

तीस वर्षं! आपण तो अध्याय एका बैठकीत वाचून उठतो. त्या माउलीनं ती कशी काढली असतील? पोथी बोलत नाही. पण मायबापहो, वाट पाहणाऱ्या बाईचे हात कधी रिकामे पाहिलेत का? सडा आहे, सारवण आहे, दळण आहे, पाणी आहे.

आता माझंच सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

माझी आई याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. गावोगाव कीर्तनं चालू, घरी जायला सवड नाही. एका पौषात निरोप धाडला, उद्या दुपारी जेवायला येतो. निघेनिघेपर्यंत दिवस बुडाला. पोचलो तेव्हा रात्रीचे दहा.

शेजारची काकू दारातच भेटली. म्हणाली, "बापू, तुही माय दिवसभर बसली नाही पाय. पहाटे सडा टाकला. ओसरी सारवली. गोधड्या उन्हात टाकल्या. वावरातून तुरीच्या शेंगा आणल्या, सोले काढले, आमटी केली. वांगं भाजून भरीत केलं. चुलीवरचं पाणी तीन खेपा तापवलं."

मी आत गेलो. आई उठली, तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "या महाराज, पाय धुवा."

महाराज! तिनं टोमणा मारला नव्हता हो. आदरानं म्हणाली. तेच काळजात रुतलं. जन्म दिलेल्या आईच्या घरी मी पाहुणा झालो होतो. जगाला मातृभक्ती सांगत होतो, आणि तिनं सारवलेली ओसरी मी तीन वर्षं पाहिली नव्हती. गोधडीला त्या रात्रीही उन्हाचा वास होता. मला झोप आली नाही.

आता पाहा, महाराजांनी काय केलं? संन्याशानं पूर्वाश्रम सोडायचा असतो. घर सोडलं, गोत सोडलं. पण आईला दिलेला शब्द सोडला नाही. वचन दिलं तसे करंजनगरात आले, आईबापांना भेटले. जगद्गुरूला वेळ मिळाला. आपल्याला मिळत नाही!

तुम्ही म्हणाल, देव घरी यावा म्हणून काय करावं? अहो, आधी आपण कोणाच्या घरी जायचे राहिलो, ते आठवा. कुठंतरी अंगण झाडून झालं असेल. चुलीवर पाणी असेल. उद्या दर्शन घ्या, प्रसाद घ्या, आणि तडक तिकडं जा. माझी आई आता नाही. तुमची असेल, तर पाणी निवू देऊ नका.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!