लाल सोने आणि पांढऱ्या सोन्याचा जिल्हा : स्वागताध्यक्षीय भाषण

कापसाला पांढरे सोने म्हणणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात लाल सोन्याचा विचार करण्यासाठी जमलेले माननीय अध्यक्ष, संशोधक, अध्यापक, डॉक्टर आणि शेतकरी बंधू-भगिनी या सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे.

सोन्याचा कण १० ते २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दोन लाखांश भागाएवढा लहान झाला की त्यातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या तालावर एकत्र हेलकावू लागतात. या सामूहिक हेलकाव्याला पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन म्हणतात, आणि त्यात सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषला जात असल्याने अशा कणांचे द्रावण माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये या लाल द्रावणाचा अभ्यास मांडला आणि गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये त्याचे गणित दिले. हेच कण एकमेकांना चिकटले की रंग निळसर-जांभळा होतो. या रंगबदलावरून रेणू ओळखता येतात.

यवतमाळला या रंगबदलाची गरज का आहे, हे २०१७ च्या खरिपाने दाखवले. त्या हंगामात कापसावर फवारणी करताना जिल्ह्यातील शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेक घरांतील कर्ता माणूस गेला. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके मज्जातंतूंच्या कामाला आवश्यक असलेले ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. विकर शाबूत असेल, तर ते नमुन्यात घातलेल्या ॲसिटिलथायोकोलिनचे विघटन करते, त्यातून सुटलेल्या थायोकोलिनमधील गंधक सोन्याला धरते, कण गोळा होतात आणि द्रावण निळे पडते. विकर बंद पडले असेल, तर द्रावण लालच राहते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, डोळा पुरतो. मात्र रक्तातील प्रथिने सोन्याच्या कणांवर थर धरून त्यांना चिकटू देत नाहीत, आणि पायरेथ्रॉइडसारखी कीटकनाशके या विकरावर घाला घालत नसल्याने चाचणीत सापडत नाहीत. एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळली जाणाऱ्या शिवारात या उणिवा किरकोळ मानता येणार नाहीत.

शरीराच्या आत डोकावण्यासाठी कणाचा आकार बदलावा लागतो, कारण ऊतींमधून अवरक्ताजवळचा प्रकाश अधिक खोल जातो आणि दांडीसारखे किंवा त्रिकोणी कण तोच प्रकाश शोषतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे त्रिकोणी कण गवती चहाच्या अर्कातून तयार करून ते काम २००४ मध्ये प्रसिद्ध केले. परसात उगवणाऱ्या पातीने हे साधावे, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा.

परिषदेतील चर्चा निर्मळ द्रावणावर न थांबता फवारणी करणाऱ्या मजुराच्या रक्ताच्या थेंबापर्यंत जावी आणि ती चाचणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिकेला करता यावी, एवढेच मागणे स्वागत समिती पाहुण्यांपुढे ठेवीत आहे.