पित्ताची गोळी आणि आमची जबाबदारी
(वार्षिक सभेतील निवेदनपर भाषण)



विक्री वाढली की संस्था सुदृढ झाली, असे आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो. औषध भांडाराने हा धडा आम्हास पुन्हा तपासावयास लावला. आम्लपित्तावरील गोळ्यांचा वाढता खप आम्ही समाधानाने वाचत असू. त्याच काळात रात्रपाळी करणारे एक कामगार आमच्याच खिडकीवरून महिनोन्महिने 'गॅसची गोळी' नेत होते. काळी शौच होऊन ते दाखल झाले, तेव्हा जठरात व्रण आढळला. गुडघेदुखीसाठी ते रोज वेदनाशामक गोळी घेत होते. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

तेव्हापासून आमचे औषधनिर्माते गोळीआधी प्रश्न विचारतात. त्रास किती दिवसांचा? दुसरी कोणती औषधे चालू आहेत? खर्रा, तंबाखू, मद्य? वजन घटले, गिळताना अडले, रक्ताची उलटी वा काळी शौच झाली, तर रुग्णास थेट डॉक्टरांकडे पाठविले जाते. छातीत दाब येऊन घाम सुटला असेल, तर पित्त न समजता तातडीने ईसीजी काढला जातो.

पातळ अँटासिडने तात्पुरता आराम पडतो. मात्र ते लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये. पॅन्टोप्राझोल डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, साधारणतः न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यावे. ते विनाकारण वर्षानुवर्षे चालू ठेवू नये. रॅनिटिडीन हे जुने परिचित औषध २०२२ साली राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतून वगळले गेले. अनेक व्रणांमागे जंतू असतो, हे दाखविणाऱ्या मार्शल व वॉरेन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशा व्रणास जंतूवरील पूर्ण उपचार हवा. केवळ आम्ल दाबून भागत नाही.

नवरात्रात श्री महालक्ष्मी जगदंबेच्या दर्शनास येणाऱ्या उपवासकऱ्यांनाही आमचे सांगणे हेच, की रिकाम्या पोटी चहावर चहा टाळावा, तळलेले फराळाचे पदार्थ बेताने घ्यावेत आणि जेवून लगेच आडवे होऊ नये.

या विचारपुशीने खिडकीवर वेळ जातो, काही विक्रीही सुटते. ताळेबंदात ती घट दिसली, तर विश्वस्तांनी तीस तोटा मानू नये, ही नम्र विनंती. धर्मादाय रुग्णालयाची खरी शिल्लक रुग्णाच्या आरोग्यात असते.