कवच नव्हतं, एवढंच कारण नव्हे

मंगळाचं चुंबकीय कवच गेलं, म्हणून सूर्यवाऱ्याने त्याची हवा नेली, हे आता शाळेतली मुलंही धडाधड सांगतात. सांगू देत, पण मग शुक्राचं काय? त्यालाही स्वतःचं कवच नाही, सूर्य त्याला अधिक जवळ, आणि तरी तिथे हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे नव्वदपट!

हवा निसटते कशी, ते आधी पाहू. स्वीडनच्या उत्तर टोकाकडे किरुना हे लोखंडाच्या खाणींचं गाव आहे. तिथल्या अवकाश-भौतिकी संस्थेतले रिकार्ड लुंडिन यांचं उपकरण १९८९ मध्ये सोव्हिएत ‘फोबोस-२’ यानातून मंगळाशी गेलं आणि ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ग्रहापासून निसटताना त्याने टिपले.

हे घडतं कसं? खळ्यावर वारा कितीही सुटला, तरी मळणीशिवाय उफणणी नाही. सूर्याची अतिनील किरणं अणूतला इलेक्ट्रॉन सुटा करतात, ही मळणी. विद्युतभारित झालेला तो कण सेकंदाला चारएकशे किलोमीटर वेगाच्या सूर्यवाऱ्यात सापडतो, ही उफणणी. पण शेवटी रास केवढी उरणार, हे एकट्या वाऱ्यावर ठरत नाही. मुळात माल किती होता, नवी भर किती पडली, तेही बघावं लागतं. शुक्राचं वस्तुमान मंगळाच्या साडेसातपट आहे, हे विसरू नका.

पुढे ‘मार्स एक्स्प्रेस’ आणि ‘व्हीनस एक्स्प्रेस’ या दोन्ही यानांवर किरुनाचं जवळजवळ एकाच घडणीचं ‘आस्पेरा’ हे आयन मोजणारं उपकरण बसलं. येणारा आयन आधी विद्युतक्षेत्रातून वळवायचा, म्हणजे ऊर्जा कळते. मग चुंबकांमधून न्यायचा, म्हणजे वजन कळतं. शुक्रापासून निसटणारे हायड्रोजन आणि ऑक्सिजन जवळपास दोनास एक निघाले, म्हणजे पाण्याचंच प्रमाण! मंगळावर नासाच्या ‘मेव्हन’ यानाने २०१५ मध्ये सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम गळती सांगितली.

पुन्हा सांगतो, कवच दोघांनाही नाही. उफणणी दोन्हीकडे चालू आहे. हवा मात्र एकाकडे दाट, दुसऱ्याकडे विरळ.

आणि पृथ्वी? कवच असूनही तिच्या ध्रुवांकडून ऑक्सिजनचे आयन जातातच. उलट ते कवच सूर्यवाऱ्याची जास्त ऊर्जा गोळा करतं की काय, यावर संशोधकांत... पण वेळ संपत आली. शिक्षकांनो, एवढं कराच: मंगळाचा धडा शिकवाल, तेव्हा फळ्यावर शेजारी शुक्रही मांडा आणि कारण मुलांना शोधू द्या.